तीनदा विचारायचं

ऑक्टोबर सरत आला की माझं डोकं फिरायला लागतं. इथे लंडनच्या हॅरोत त्याची सुरुवात शाळेच्या ईमेलने होते: हाफ टर्मची सुट्टी अमुक दिवसापासून, कोटांवर पोरांची नावं घाला, डब्यात नट्स देऊ नका. मग आमच्या रस्त्यावरचा चेस्टनट आपली तपकिरी फळं उभ्या गाड्यांच्या टपांवर टाकायला लागतो. कौन्सिलचा माणूस पाठीवर पानं उडवायचं मशीन लावून येतो आणि इकडची पानं तिकडे करून निघून जातो. एके दिवशी थंडी सहन होत नाही, हीटिंग लावावं लागतं, आणि रेडिएटरवर उन्हाळाभर साठलेल्या धुळीचा जळका वास घरभर पसरतो. त्या वासाबरोबर मला लिस्बन आठवतं, आणि लिस्बन आठवलं की मी भांडी जरा जास्तच जोरात ठेवायला लागते. निखिल, म्हणजे माझा नवरा, आता काही विचारत नाही. स्वयंपाकघराचं दार लोटून घेतो, बस्स.

लिस्बनचा आणि जळक्या धुळीचा संबंध असा, की माझ्या चाळिसाव्या वाढदिवसाला माझ्या दोन जिवलग मैत्रिणी लिस्बनला गेल्या होत्या आणि मी याच रेडिएटरला पाठ टेकून बसले होते. वाढदिवस माझा. सहल माझ्या वाढदिवसाची. आणि मी घरी. वाचलंत ना नीट? मलाही नीट कळायला वेळच लागला होता.

फ्रिजवर त्या सहलीचा एक फोटो आहे. चढावरची अरुंद गल्ली, पिवळी ट्राम, तिच्यासमोर अस्मिता आणि नीलम, आणि दोघींच्या मधे मी. छान हसतेय. फक्त मानेखाली मला काही नाही. तिथे एक लाकडी पट्टी आहे आणि ती नीलमने मुठीत धरली आहे. माझ्या चेहऱ्याचा मोठा फोटो छापून, पुठ्ठ्यावर चिकटवून, केसांच्या कडेने व्यवस्थित कापून या दोघींनी तो सुटकेसमधून लिस्बनला नेला होता. निळ्या टाइल्सच्या भिंतीसमोर मी, नदीकाठी मी, कॅफेत कस्टर्ड टार्टच्या बशीमागे मी. पुठ्ठ्याच्या मला व्हिसा लागला नाही. इरा, माझी लेक, तेव्हा सात वर्षांची होती. तिला तो फोटो भलताच विनोदी वाटला आणि तिनेच तो फ्रिजवर लावला. काढावा तर ती विचारणार, का काढलास. म्हणून दोन वर्षं रोज सकाळी दूध काढताना मी माझंच दात विचकलेलं तोंड बघते.

गंमत अशी, की लिस्बन त्या दोघींपेक्षा मला जास्त पाठ आहे. त्या चार दिवसांत त्यांनी ग्रुपवर जे जे टाकलं ते मी इतक्या वेळा पाहिलं, की कुठल्या दिवशी कुणी कुठला स्कार्फ घातला होता ते मला सांगता येईल. मध्यंतरी अस्मिता कुणाला तरी सांगत होती, की पहिल्या दिवशी पाऊस लागला. मी तिथेच म्हणाले, पहिल्या नाही, दुसऱ्या. पहिल्या दिवशी तू गॉगल लावून जिन्यावर बसली होतीस. ती म्हणाली, अय्या, हो की! आणि हसली. तिला त्यात हसण्यासारखं काय वाटलं ते मला अजून कळलेलं नाही.

अस्मिता पिनरला राहते, नीलम मेडनहेडला, मी हॅरोत. त्याआधी पुण्याला इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलमध्ये आम्ही तिघी एका खोलीत चार वर्षं काढली होती. अस्मिता पुण्याचीच, पण घरी फार माणसं म्हणून हॉस्टेलला. नीलम नागपूरची. मी साताऱ्याची. एकीच्या कंपनीने तिला इकडे पाठवलं, दुसरी नवऱ्यामागून आली, आणि मग मी. लंडनमधल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात या दोघी नसत्या तर मी परतीचं विमान धरलं असतं, हेही सांगून टाकते. राग आहे म्हणून खोटं कशाला बोलू.

ऑफिसातला माझा पहिला आठवडा. शेजारच्या बाईंनी बिस्किटांचा डबा पुढे केला. सकाळी घाईत काही खाल्लं नव्हतं, पोटात कावळे ओरडत होते. सवयीने मी म्हटलं, नो नो, आय ॲम फाइन. आता ती म्हणणार, घे गं. मी म्हणणार, नको, खरंच. ती म्हणणार, एक तरी घे. आणि मग मी दोन घेणार. ती म्हणाली, ओके, आणि झाकण लावून डबा पलीकडे घेऊन गेली. मी दुपारपर्यंत उपाशी. शनिवारी हे सांगितलं तर नीलम सोफ्यावरून खाली घसरेपर्यंत हसली. तिने म्हणे पहिला महिनाभर ऑफिसात चहाच प्यायला नव्हता. कुणी दुसऱ्यांदा विचारीचना. “बाप्पा! एकदा विचारतात आणि निघून जातात,” ती म्हणाली. “हे काय विचारणं झालं?” आणि मग तिनेच कायदा केला: बाहेर यांचं काय चालायचं ते चालू दे, आपल्यात तीनदा विचारायचं. पहिली दोन उत्तरं सोडून द्यायची. तिसरं खरं धरायचं.

तो कायदा आम्ही पाळला. चहाला पाळला, उरलेल्या भाजीला पाळला, स्टेशनपर्यंत सोडायला पाळला. अस्मिताचे वडील गेले आणि तिला लगेच तिकीट मिळेना, त्या दुपारी आम्ही तिला फोन केला. येतो आम्ही. “नको गं, मी ठीक आहे.” येतोय. “अगं खरंच नको, पाहुणे आहेत.” अस्मिता, येऊ? मग ती म्हणाली, “या.” आम्ही दोघी नीलमच्या गाडीत, माझ्या मांडीवर गरम भाताचं पातेलं टॉवेलात गुंडाळलेलं, तशाच पिनरला पोहोचलो. तीनदा विचारलं नसतं तर ती दुपार तिने एकटीने काढली असती. सांगायचं काय, की हा काही खेळ नव्हता आमचा.

आता त्या वर्षीचा सप्टेंबर. रविवार, अस्मिताचं स्वयंपाकघर, पोह्यांवर ओल्या नारळाचा ढीग. तिने माझ्यासमोर एक पाकीट ठेवलं. “उघड.” उघडलं. विमानाची तिकिटं छापलेली, कडेला स्केचपेनने फुगे काढलेले.

“सुजू, आपण लिस्बनला जातोय!” अस्मिता ओरडली. “तिघीच! नवरे नाहीत, पोरं नाहीत, चार दिवस! तुझी चाळिशी!”

मी किंचाळले. खोटं नाही, अक्षरशः किंचाळले आणि दोघींच्या गळ्यात पडले. माझ्यासाठी असं कुणी काही केलंच नव्हतं कधी. आमच्या घरी वाढदिवसाला ओवाळायचे, शेवयाची खीर करायचे आणि संपलं. पोह्यांचे दोन घास खाल्ले आणि मग माझ्या डोक्यात आलं.

“पण व्हिसा?”

नीलमने चमचा खाली ठेवला. अस्मिता माझ्याकडे बघत राहिली आणि तिच्या तोंडून ते वाक्य निघालं, जे मी दोन वर्षं रेडिएटरशी बसून चघळलं आहे.

“अगं, तुला अजून व्हिसा लागतो?”

हो बाई, लागतो. अजून लागतो. निखिलचं कॉन्ट्रॅक्ट मधेच संपलं, आम्ही दोन वर्षं पुण्याला परत गेलो, पुन्हा आलो, आणि नागरिकत्वासाठी लागणाऱ्या इथल्या वर्षांची मोजणी पुन्हा पहिलीपासून सुरू झाली. हे तिला माहीत होतं. आमचं सामान पोहोचायच्या आधी पंधरा दिवस मी तिच्याच घरी राहिले होते. त्या दोघींना ब्रिटिश पासपोर्ट मिळून, म्हणजे युरोपच्या व्हिसाची कटकट सुटून, तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं. त्याआधी कधीतरी आम्ही तिघी पॅरिसला गेलो होतो, आणि त्या व्हिसासाठी अस्मिताने रंगीत कप्प्यांची फाइल केली होती. ऑफिसचं पत्र, बँकेची पत्रकं, हॉटेलचं बुकिंग, सगळं क्रमाने. माझं एक पत्र कमी पडलं तर ती रांगेत माझ्यावर खेकसली होती, “सुजू, तुझं ना, कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नसतो!” त्या अस्मिताला दीड वर्षात विसर पडला. तिच्या बाजूला मी नसते तर एक वेळ समजू शकले असते. पण मी दर रविवारी तिच्या समोर बसून पोहे खात होते.

पुढचे दहा दिवस मी व्हिसाच्या अपॉइंटमेंटचं पान उघडून बसले. कणीक मळताना एका हाताने, मीटिंगमध्ये दुसऱ्या खिडकीत, मेट्रोपॉलिटन लाइनच्या ट्रेनमध्ये जिथे सिग्नल येईल तिथे. ऑक्टोबर सगळा करडा. करडा म्हणजे जागा नाही. हाफ टर्मला अख्खं इंग्लंड बाहेर जातं, मला कोण जागा ठेवणार? एकदा एक चौकोन हिरवा झाला. माझं नाव टाकेपर्यंत करडा झाला. इरा म्हणाली, “आई, तू रडते?” मी म्हटलं, कांदा चिरतेय. कांदा तेव्हा टोपलीत होता.

अकराव्या दिवशी अस्मिताचा फोन आला. मी हॅरोच्या प्लॅटफॉर्मवर उभी होते.

“काही मिळालं?”

“नाही गं.”

“मग काय करायचं? तिकिटं बदलूनही मिळत नाहीयेत. पण तुझ्याशिवाय कसं जायचं?”

आणि मी म्हणाले, “जा गं तुम्ही. माझ्यासाठी कशाला थांबता?”

“नक्की ना?”

“हो गं, नक्की.”

“बरं,” अस्मिता म्हणाली. “आम्ही जाऊन येतो मग. तुझ्यासाठी टार्ट आणते.”

मी फोन कानाला लावून उभी राहिले. तिसऱ्यांदा विचारेल म्हणून. फोन केव्हाच कट झाला होता. समोर ट्रेन आली, दारं उघडली, दारं मिटली, ट्रेन गेली, आणि मी तिथेच.

आता तुम्ही म्हणाल, तूच तर जा म्हणालीस. निखिलही हेच म्हणाला. “तू स्पष्ट सांगायचंस ना, की नका जाऊ.” असं कसं सांगायचं? ‘माझ्या वाढदिवसाला माझ्याशिवाय जाऊ नका’ हे वाक्य तोंडाने उच्चारावं लागलं, तर मग उरलं काय त्यात? ते समोरच्याने न सांगता कळून घ्यायचं असतं. साताऱ्याला कुणी निघालं की आम्ही म्हणतो, बसा हो, आणि तो म्हणतो, नको, उशीर होतो, आणि दोघांनाही ठाऊक असतं की आणखी एक चहा होणार आहे. मी ‘जा’ म्हणाले, ‘नक्की’ म्हणाले, ते माझे पहिले दोन नकार होते. तिसरं उत्तर शिल्लक होतं. मला वाटलं, वीस वर्षांच्या मैत्रीत एवढं व्याकरण तरी पक्कं असेल.

वाढदिवसाच्या दिवशी दुपारी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. मी रजा घेतली होती. ती रद्द करायलाही विसरले होते. पडद्यावर त्यांच्या भाड्याच्या फ्लॅटचं टेबल, केक, आणि केकमागे बाटलीला टेकवून ठेवलेली पुठ्ठ्याची मी. नीलमने इथून निरांजन आणि कुंकवाची डबी नेली होती. मूळ बेत मला ओवाळायचा होता ना. मग मी नाही तर माझं तोंड. तिने पुठ्ठ्याच्या कपाळाला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, आणि तबक फिरवलं. “औक्षवंत व्हा सुजाताबाई!” अस्मिता टाळ्या वाजवत होती. मीसुद्धा हसले. पडद्याच्या कोपऱ्यात छोट्या चौकोनात मी हसत होते आणि मधोमध मोठी मी हसत होते, कपाळाला कुंकू लावून. केकचा पहिला तुकडा त्यांनी पुठ्ठ्याच्या ओठांना लावला. क्रीमचा तो डाग अजून आहे.

त्या कॉलचा स्क्रीनशॉट मी, मूर्खासारखा, साताऱ्याला आईला पाठवला. पाच मिनिटांत तिचा फोन.

“सुजाता, हे काय गं? जिवंत माणसाच्या फोटोला कुंकू लावून ओवाळतात का कुणी? हार तेवढा घालायचा राहिला!”

“अगं, गंमत केली त्यांनी.”

“आग लागो त्या गमतीला. चाळिशी लागली आज तुला. आत्ताच्या आत्ता मीठ-मोहऱ्या ओवाळून टाक स्वतःवरून.”

एवढ्या मैलांवरून आई रडत होती, म्हणून मी ओवाळल्या. मीठ-मोहऱ्या तव्यावर टाकल्या, धूर झाला, स्मोक अलार्म कोकलायला लागला. मी खुर्चीवर चढून वर्तमानपत्राने अलार्मला वारा घालतेय, खाली फोनवर आई विचारतेय, वास आला का, नजर होती का. असा झाला माझा चाळिसावा वाढदिवस. मला तेव्हाही हसू आलं नव्हतं आणि आत्ता लिहितानाही येत नाहीये, तुम्हाला येत असेल तर खुशाल हसा.

त्या परत आल्या. टार्टचा खोका दिला, मोडलेले तुकडे माझ्याकडे येऊ नयेत म्हणून नीलमने तो विमानात मांडीवर धरून आणला होता म्हणे. सोबत भेट म्हणून पुठ्ठ्याची मी. ती पोटमाळ्यावर ख्रिसमसच्या दिव्यांच्या खोक्यामागे आहे. आणि आमची मैत्री चालू राहिली. इथे माणसं थोडी असतात, भांडून चालत नाही. दिवाळीचा फराळ एकत्र झाला, मुलांचे वाढदिवस झाले, नीलमच्या घरी नवीन किचन झालं ते बघायला गेलो. मी सगळीकडे गेले, हसले, आणि एक गोष्ट केली. मी तीनदा विचारणं बंद केलं. अस्मिता चकलीला नको म्हणाली, मी ताट उचललं. नीलम म्हणाली, चहा नको. मी म्हटलं, ओके. अगदी त्या ऑफिसातल्या बाईंसारखं, झाकण लावून. दोघींच्या चेहऱ्यावर एक क्षण काहीतरी सरकायचं आणि मला आतून बरं वाटायचं. हलकटपणा होता, कबूल आहे. दोन वर्षं मनापासून केला.

गेल्या शनिवारी इरा तिच्या मराठी शाळेचा होमवर्क घेऊन बसली होती. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ वापरून वाक्ये लिहा. तिला फरक कळेना. “दोन्ही म्हणजे वी ना?” मी म्हटलं, आपण म्हणजे मी ज्याच्याशी बोलतेय तोसुद्धा त्यात आहे. आम्ही म्हणजे तो त्यात नाही. तिने थोडा विचार केला. “म्हणजे आम्ही बोलला, की समोरचा माणूसला कळते, तो आउट आहे?” मी म्हटलं, बोललं की, माणसाला, कळतं. पण हो, कळतं. “दॅट्स सो मीन,” इरा म्हणाली. “इंग्लिशमध्ये असा नाही.” मी तिला ‘असं नाही’ करून दिलं आणि उठून उगीचच सिंक घासायला लागले. सप्टेंबरच्या त्या रविवारी ‘आपण लिस्बनला जातोय’ होतं. अकरा दिवसांनी ‘आम्ही जाऊन येतो.’ इंग्रजीत म्हणाली असती तर निदान मला ते ऐकू आलं नसतं.

मला पासपोर्ट या ऑगस्टमध्ये आला. गडद निळा, करकरीत. त्यावर सही करताना माझा हात जड झाला होता, जुना भारतीय पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून परत आला तेव्हा तर मी तो देवघराच्या खणात ठेवला. पण ते दुःख वेगळं आहे, त्याबद्दल पुन्हा केव्हातरी. मी दोघींना सांगितलं नव्हतं. निखिलने अस्मिताच्या नवऱ्याला सांगितलं, आणि परवा सकाळी ग्रुपवर तिचा मेसेज: पासपोर्ट आला आणि बोलली नाहीस?? आता आपण लिस्बनला जायचंच! या वेळी खरी सुजू! पुढे चार ट्रामची चित्रं.

मी लिहिलं, जा गं तुम्ही. माझं कठीण आहे.

दुपारी चारला नीलमचा फोन आला. मी पुढच्या अंगणात पानं गोळा करत होते. हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे केली की चारलाच उजेड फिकट होतो, दिवस आटोपता घेतल्यासारखा.

“काहून गं? काय कठीण आहे?”

“कामं आहेत.”

“सुजू, दोन वर्षं झाली, तू मला दुसऱ्यांदा चहा विचारत नाहीस. मला काय कळत नाही का?”

मी झाडू भिंतीला टेकवला. आणि मग ते निघालंच. मोठ्याने निघालं, शेजारचे गृहस्थ कुत्रा घेऊन जात होते ते वळून बघायला लागले.

“जायला नको होतं तुम्ही! माझ्या वाढदिवसाला मला टाकून जायला नको होतं. पुठ्ठ्याला कुंकू लावून नाचवायला तर मुळीच नको होतं. मी जा म्हटलं म्हणून काय झालं? तुम्हाला खरंच वाटलं, की मी मनापासून जा म्हणतेय?”

“नाही,” नीलम म्हणाली.

“म्हणजे?”

“नाही वाटलं. कळलं होतं आम्हाला.” मागे कुठेतरी डिशवॉशर चालू असल्याचा आवाज येत होता. “मी तेव्हा अस्मिताकडेच होते. फोन ठेवला आणि ती म्हणाली, सुजू रडतेय. मी म्हटलं, परत लाव, परत विचार. तर ती म्हणाली, परत विचारलं तर ती नका जाऊ म्हणेल. मग जाता येणार नाही. आणि मी… मी पुन्हा म्हणाले नाही, की फोन लाव.”

मी गोळा केलेली पानं बुटाने आणखी जवळ सारली.

“जायचं होतं गं आम्हाला,” नीलम म्हणाली. “पोरं झाल्यापासून पहिल्यांदा चार दिवस सुटलो होतो. इतकं जायचं होतं. म्हणून नाही विचारलं. तो पुठ्ठा कसला, आम्हाला लाज वाटत होती म्हणून केला. रोज एक फोटो पाठवला की थोडं बरं वाटायचं.”

दोन वर्षं मी समजत होते, की इथे राहून यांना आपली भाषा कळेनाशी झाली. एकदा विचारून निघून जाणाऱ्या झाल्या. त्यांना वाईट म्हणताना मी मनात इंग्लंडला वाईट म्हणायचे, थंडीला म्हणायचे, त्या निळ्या पासपोर्टला म्हणायचे. आणि यांना माझा एकूण एक शब्द कळला होता. प्लॅटफॉर्मवर उभ्या असलेल्या मला आतून रडू येतंय हेसुद्धा कळलं होतं. विसरल्या असत्या तर मी माफ केलं असतं, हे मला त्या क्षणी समजलं, आणि माझे कान तापले. इतका राग मला त्या वाढदिवसाच्या दिवशीही आला नव्हता. तरी फोन ठेवावासा वाटेना. दोन वर्षांत माझ्याशी पहिल्यांदा कुणी खरं बोललं होतं.

“चल ना, सुजू,” नीलम म्हणाली. “या वेळी आपण जाऊ.”

“नको.”

“चल गं. तुला हवं तिथे जाऊ. लिस्बन नको असेल तर दुसरीकडे.”

“नको म्हटलं ना.”

मी मनात मोजत होते. तीही मोजत असणार. आत खिडकीतून इरा मला हात करत होती, भूक लागली म्हणून.

“सुजू,” नीलमचा आवाज अगदी खाली आला होता. “चल.”

तिसरं उत्तर खरं धरायचं असतं. मी नीट विचार केला. उगाच ताणून धरायचं म्हणून नाही, त्यांना रडवायचं म्हणून नाही. खरंच काय आहे माझ्या मनात, ते पाहिलं.

“नको,” मी म्हणाले. “मला तुमच्याबरोबर यायचं नाहीये.”

तिकडचा डिशवॉशर बंद झाला होता. आता ती ‘बरं’ म्हणेल आणि फोन ठेवेल, कायद्याप्रमाणे तेच बरोबर होतं, आणि मी झाडू उचलायला वाकले.

“चल ना,” नीलम म्हणाली.

चौथ्यांदा विचारलं तर काय करायचं, हे आम्ही कधी ठरवलंच नव्हतं.